शून्य-शून्य बरोबरी

बायको जाऊन आठ महिने झाले होते. बस आगारातून निवृत्त झालेला मेकॅनिक तेव्हापासून रोज दुपारी एक जुना फुटबॉलचा व्हिडिओ गेम लावायचा. गोल मात्र करायचा नाही, आणि होऊही द्यायचा नाही.

त्या गेमचं संगीत बायकोने केलं होतं. तेव्हाच्या मशिनला एका वेळी तीनच सूर झेपायचे. गोल झाला की प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यासाठी तिसऱ्याचा बळी जायचा आणि सामना संपेपर्यंत तो परत यायचा नाही. "तिसरा नीट ऐक हं, त्यात घरचं आहे," ती म्हणाली होती. ड्यूटीच्या गडबडीत त्याने नुसती मान डोलावली होती. आता ऐकत होता. घरचं म्हणजे आपल्यासाठीच, असं तो धरून चालला होता.

रविवारी लेक नवा गेम घेऊन आली.

"बाबा, यात खऱ्या गायकांची गाणी आहेत. तुमचा तो डबा नुसता पीं-पीं करतो."

"करू दे. एक डाव खेळ माझ्याशी, डब्यावरच."

पहिल्याच मिनिटाला तिने गोल मारला. "बघा! लहानपणची सवय जाते का?"

तिसरा सूर गेला. त्याचा चेहरा उतरला.

"पुन्हा लाव. आणि गोल करू नकोस."

"मग चेंडूला काय फिरायला नेऊ?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दोघं चेंडू इकडून तिकडे ढकलत बसले. थोड्या वेळाने लेकीचा हात थांबला.

"बाबा, हे आई माझी वेणी घालताना गुणगुणायची. रोज सकाळी, शाळेच्या आधी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

रोज सकाळी पाचला तो आगारात बसखाली आडवा असायचा. बावीस वर्षं.

"होतं की," तो म्हणाला.

संध्याकाळी लेक गेली. नवा गेम खोक्यातच राहिला. त्याने जुना पुन्हा लावला. सूर तोच होता, पण आता त्यात कंगवा होता, रिबन होती, "हलू नकोस गं" होतं. तो कुठेच नव्हता.

समोरचा खेळाडू चेंडू घेऊन गोलकडे धावत आला. त्याने बटणावरचं बोट उचललं. तसंच क्षणभर धरलं.

मग दाबलं. गोलकीपरने चेंडू अडवला.