कर्णफुले घालताना

उमसुनाईने चहाची किटली उचलली आणि वाफेआडून लेकीला डोळ्यांनी खुणावले: पाहुण्यांकडे बघ. जिपारने पाहिले नाही. अंथरलेल्या नमद्याच्या, लोकरीच्या जाड गालिच्याच्या, काठाची शिवण ती बोटाने चाचपत राहिली.

कुणी कुठे पाहिले की माणसाची मान आपसूक तिकडे वळते; जिपारची लहानपणापासून वळत नसे. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑटिझम म्हटले होते. तो शब्द उमसुनाईने पाहुण्यांपुढे काढला नव्हता. लेकीला मेलिस मनापासून हवा होता, आणि आज त्याच्या आईने तिच्या कानांत चांदीची कर्णफुले घातली की सोयरीक पक्की होणार होती.

"काय गरीब पोर हो," मेलिसची मावशी उलजान म्हणाली. "माझी सून पहिल्याच दिवशी माझे सोन्याचे दात मोजत बसली होती."

मेलिसची आई काल्बुबू हसली. गुडघ्यांवर सरकत ती जिपारजवळ आली, रुमालाची गाठ सोडली, आणि एकाएकी म्हणाली,

"अगं बाई, ते बघा. डोंगरावर बर्फ उतरला वाटतं."

उलजान तर उठून थेट दाराबाहेर गेली. उमसुनाईचीही मान खिडकीकडे वळली. नारीन गावामागचे करडे डोंगर कोरडेच उभे होते.

"तुमचा हात थरथरतोय," मागून जिपारचा आवाज आला, सपाट, स्वच्छ.

उमसुनाई गर्रकन वळली. कर्णफुलाचा आकडा कानाच्या पाळीभोवती थरथरत होता, आणि काल्बुबूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. संपले सगळे, असे उमसुनाईला वाटले.

"घरात कुणाला ठाऊक नाही," काल्बुबू पुटपुटली. "मी 'ते बघा' म्हणते. सगळे तिकडं बघतात."

"मी बघत नाही," जिपार म्हणाली. तिने आपला तळवा त्या मनगटाखाली धरला. जाड नमद्यात सुई उतरवताना धरावा तसा, निश्चल. "आता घाला."

जी नजर वळवण्यात उमसुनाईचा अर्धा जन्म गेला, ती त्या सुरकुतलेल्या हातावर दिव्यासारखी स्थिर होती.

"कुठंय बर्फ?" बाहेरून उलजानने विचारले. तिची पावले दाराकडे परतू लागली. "अक्का, भास व्हायला लागले तुला."

काल्बुबूने वर पाहिले. उमसुनाईने किटली खाली ठेवली आणि लगबगीने जाऊन ती दारात आडवी उभी राहिली.

"वरच्या खिंडीत बघा, विहीणबाई," ती म्हणाली. "नीट बघा. आहे."