चुलवाणातलं इंजिन

जीप बंद पडली ती केशरबाईच्या हातनंच. यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि तिनं ते लपवलंही नाही. एकाहत्तर सालची माघातली गोष्ट. श्रीरामपूरहून सात बायका घेऊन देवळालीला येताना इंजिन तापलं, झाकणातून वाफ फुसफुसायला लागली. केशरबाईनं शेजारच्या मळ्यातून बादलीभर गार पाणी आणलं आणि दिलं ओतून. विहिरीवरचं ऑइल इंजिन तिनं दहा वर्षं चालवलेलं. तापलं की पाणी वाढवायचं, हे तिच्या हाताला पक्कं माहीत. पण विहिरीवरच्या इंजिनात गार पाणी सारखं खेळत असतं, ते कधी कोरडं पडत नाही. जीपचं पडलं होतं. टक् असा आवाज झाला आणि इंजिनाच्या कुशीतून पाणी गळायला लागलं.

मग काय, गावाला आयतंच मिळालं. ज्यांना सायकलची चेन बसवता येत नाही, ते इंजिनावर बोलायला लागले. बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार, असं चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जो तो म्हणायला लागला.

जीप तिच्या नवऱ्यानं, सहादेवनं, भिंगारला लष्कराच्या लिलावात घेतलेली. कालव्याच्या रस्त्यावर त्यानंच तिला ती चालवायला शिकवली. दीड वर्षापूर्वी काविळीनं तो गेला. पदरी मूलबाळ नाही. केशरबाईनं नगरला जाऊन लायसन काढलं आणि स्वतःच सिटा भरायला लागली. स्वतःची चूल, स्वतःचं दार. नेमकं हेच तिच्या थोरल्या दिराला, काकासाहेबांना, सलत होतं. गाडीचे कागद होते त्यांच्या नावावर, कारण घेतली तेव्हा घर एकत्र होतं. पण चालती गाडी विकणार नाही, असा शब्द त्यांनी सहादेवच्या दहाव्याला चार लोकांत देऊन ठेवलेला.

आता गाडी चालती नव्हती. काकासाहेब संध्याकाळीच दारात हजर.

"रविवारी भंगारवाला येतोय," ते म्हणाले. "लोखंड देऊन टाकू, आन् तू आमच्याकडं ऱ्हायला ये. तुझी जाऊ एकटी किती राबनार?"

म्हणजे फुकटची मोलकरीण. एवढं न कळायला केशरबाई काही कुक्कुलं बाळ नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज तिनं चढवला नाही.

"रविवारपातुर चालती झाली तर तुमचा शब्द हाय ना, दादा?"

"हाय की," काकासाहेब हसत म्हणाले. "करून दाखव."

श्रीरामपूरचा मिस्त्री रंगनाथ आला. त्यानं वाकून पाहिलं, चिरेवरून बोट फिरवलं आणि हात पुसले.

"ब्लॉक गेला, बाई, इंजिनाचं धडच फुटलं. इंजिनच बदला. मुंबईला चौकशी करावी लागंल, महिना तरी जाईल."

"माझ्याकडं आठवडा हाय. वेल्डिंग करा."

"बिडाचं लोखंड हाय हे. वेल्डिंग केलं की शेजारी दुसरी चीर जाती. एक जागा लाल आन् बाकी गार, ते त्याला सोसत न्हाई."

असंच तर झालं होतं तिच्या हातनं, उलट्या बाजूनं. "मग सगळंच तापवा," केशरबाई म्हणाली. "आन् सावकाश निवू द्या."

"एवढी भट्टी कुठं हाय?"

"भिमाजीच्या गुऱ्हाळावर. रसाची काहील उतरवली की खाली चुलवाणात तुमचं इंजिन आरामात बसतंय."

"पंचवीस वर्षं हे काम करतोय मी. असलं कुनी बोललं न्हाई."

"गुऱ्हाळात जाळ घालनारी बाई कधी भेटली नसंल तुमाला. मी सहा हंगाम घातलाय."

रंगनाथला खरं तर राग आला होता. पण कामातल्या माणसाला एकदा किडा वळवळला की राग टिकत नाही. त्यानं जीपचं इंजिन उतरवून मोकळं करायला घेतलं.

आडवा आला भिमाजी. भर हंगामात चुलवाण कोण देणार? केशरबाई म्हणाली, मंगळवारी अमावस्या आहे, अमावस्येला तू बैल जुंपत नाहीस, गुऱ्हाळ रिकामंच. भिमाजीनं कानावर हात ठेवले. अमावस्येला, तेही लोखंड, आणि विधवा बाईच्या हातानं जाळ?

"काय वाईट व्हायचं ते माजं व्हऊन गेलंय," केशरबाई म्हणाली. "अमावस्या आजून काय नेनार हाय?"

भिमाजीनं काहील उतरवून दिली. पण अमावस्येला गाडीला बैल मिळेना आणि गावातला एकही बाप्या लोखंडाला खांदा देईना. तेव्हा जीपमधून बाजाराला जाणारी मालनबाई पदर खोचून आली, आणखी तिघींना घेऊन आली. चौघींनी बांबूला दोरानं बांधून तो ब्लॉक अर्धा मैल नेला. रस्त्यात पुरुष बघत उभे होते. मालनबाई त्यांना म्हणाली, "बगा, बगा, बगायला पैसं पडत न्हाईत."

चुलवाणाशी केशरबाई बसली. चिपाडं तिनं मूठमूठ टाकली. रंगनाथ घाई करायला लागला तर तिनं त्याला गप्प बसवलं. घाईनं जशी काकवी करपते, तसं इथंही बिघडणार. दुपार कलली तेव्हा लोखंड पिकल्या जांभळासारखं दिसायला लागलं. अंगावर ओलं पोतं घेऊन रंगनाथनं गॅसची बत्ती धरली आणि चीर भरत नेली. त्याच्या भुवया जळाल्या. दुसरी चीर गेली नाही. मग साखळीनं ब्लॉक ओढून शेजारच्या गरम राखेच्या खड्ड्यात पुरला, आणि केशरबाई खड्ड्याच्या काठावर दगडावर बसून राखण करायला लागली.

बुधवारी काकासाहेब काठी घेऊन आले. "बगू तरी काय केलंय," म्हणत त्यांनी राख उकरायला काठी पुढं केली. केशरबाईनं ती काठी धरली. थोरल्या दिराच्या समोर जिनं कधी मान वर केली नव्हती, तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"वारं लागलं तर फुटंल. गुरवारी दुपारी या."

"हात सोड."

"तुमी काठी सोडा."

गुऱ्हाळावरची माणसं बघत होती. काकासाहेबांनी काठी सोडली आणि तसेच निघून गेले.

गुरुवारी ब्लॉक निघाला तो अखंड. पुढचे दोन दिवस रंगनाथनं गुऱ्हाळावरच जीप ढकलत आणवून इंजिन जुळवलं. रविवारी सकाळी मालनबाई गुऱ्हाळावर धापा टाकत आली.

"केशर, तुज्या दिरानं तुज्या घराचं दार उघडलं. भांडी, आंथरून, ट्रंक, समदं बैलगाडीत घालून न्हेलं. भंगारवाला तेंच्या वट्यावर बसलाय."

हे माणूस केशरबाईच्या हरण्याची वाटसुद्धा बघायला तयार नव्हतं. ती जीपमध्ये बसली. पहिल्यांदा इंजिन नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा लागलं आणि लागलेलंच राहिलं. रंगनाथ खाली वाकून पाहत होता. "थेंब न्हाई गळत. कोरडं हाय," तो म्हणाला.

तिनं जीप सरळ काकासाहेबांच्या अंगणात घातली आणि इंजिन चालूच ठेवून उतरली. भंगारवाल्यानं एकदा गाडीकडं पाहिलं आणि तराजू गुंडाळला.

"चालती हाय, दादा," ती म्हणाली. "माजी भांडी न्यायला आले."

"अगं, घरातल्या घरात हे काय? लोक काय म्हनतील?"

"लोक आठ दिस म्हनतायत. मी आयकलंय."

ती आत गेली आणि एकेक भांडं आणून मागं ठेवायला लागली. हंडा, कळशी, परात, तवा. ट्रंक तिला एकटीला उचलेना. इतका वेळ उंबऱ्यात उभी असलेली जाऊ रतनबाई पुढं आली आणि तिनं दुसरी कडी धरली.

"तू आत जा," काकासाहेब म्हणाले.

रतनबाई गेली नाही. दोघींनी ट्रंक जीपमध्ये चढवली. मग नवऱ्याकडं न बघता तिनं जावेला विचारलं, "श्रीरामपूरला कवा जायची गाडी?"

"उंद्या. सकाळी आठला."

"मग माजी एक जागा ठेव," रतनबाई म्हणाली. "पुढची."