अकरा लग्नांचा पाहुणा

माझ्या मुलीचा, उत्कर्षाचा साखरपुडा विट्याला होता. व्याह्यांच्या हातात नारळ द्यायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात माझी छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, हातापायांना मुंग्या आल्या. आता मरतोय असंच वाटलं. नारळ मेव्हण्याच्या हातात कोंबला आणि पळालो, तो जीपमध्ये जाऊन बसलो.

असं चौथ्यांदा झालं होतं. माझी बायको धोंडुबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून एकदा म्हसवडच्या बाजारात, दोनदा एसटीत हेच झालं. दर वेळी दवाखान्यात छातीची पट्टी, ईसीजी काढला. दर वेळी डॉक्टर म्हणाले, काळीज ठणठणीत आहे.

व्याही आकाराम यांचा दोन दिवसांनी फोन आला. कोईमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे. माणूस सरळ.

"पावनं, सोयरीक पसंत नसंल तर तसं सांगा. आमी वाईट वाटून घेणार न्हाई."

"तसं न्हाई," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. भ्यालो म्हणावं, तर कशाला ते माझं मलाच माहीत नव्हतं.

भाऊ नानासो म्हणाला, कन्यादान मी आणि माझी बायको करतो. उत्कर्षानं ऐकलं नाही. "अप्पा मंडपात नसतील तर मीही नाही," म्हणाली. ती सांगलीत विश्रामबागला कॉलेजात शिकवते. तिथल्याच एका मनाच्या डॉक्टरांकडं ती मला घेऊन गेली.

"मी येडा हाय व्हय?" मी जिन्यातच अडलो.

"येडा असता तर बरं झालं असतं, अप्पा. शहाण्या माणसाला जिना चढवायचा म्हणजे लय ताप."

डॉक्टरीण बाई माझ्या मुलीएवढीच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम काय करता, काका?"

"मेंढरं राखतो."

"मेंढरं घाबरतात का कधी?"

"तर! एखादं मेंढरू दचकतं. नुसती पिशवी उडाली तरी. मग समदीच पळत्यात. लांडगा नसतोच."

"मग तुम्ही काय करता?"

"मागं पळायचं न्हाई. आपुन पळालो की ती आणिक पळत्यात. हुबं ऱ्हायचं. दमली की थांबत्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या छातीत तेच होतंय. लांडगा नाही, पिशवी आहे. आणि तुम्ही दर वेळी पळता."

याला पॅनिक अटॅक म्हणतात, म्हणाल्या. पुष्कळांना होतो. हे वेड नाही आणि यानं माणूस मरत नाही. मग विचारलं, "काकू गेल्यावर रडलात का?"

"रडलो. मेंढरांपुढं."

त्यांनी एक गोळी लिहून दिली. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि एक काम दिलं. गर्दीत जायचं. छाती धडधडली तरी आपोआप शांत होईपर्यंत तिथंच थांबायचं.

बाजार आठवड्यातून एकदा. रोज गर्दी आणायची कुठून? पण लग्नसराई सुरू झाली होती. मी फेटा बांधला आणि रस्त्यात दिसलेल्या पहिल्या मंडपात शिरलो. कुणी काही विचारलं नाही. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा.

सगळ्यात मागं उभा राहिलो. मंगलाष्टका सुरू झाल्या तशी छाती उडायला लागली. पाय दाराकडं वळले. मी स्वतःला म्हटलं, पिशवी हाय. शेवटच्या अक्षतेपर्यंत धडधड उतरली. मग पंगतीला बसलो. दोन वर्षांनी जेवणाला चव लागली.

पुढं दर लग्नाला थोडं पुढं सरकायचो. कुठं वडीलधारा म्हणून टोपी-टॉवेल दिला, कुठं वाढायला लावलं. आटपाडीकडं तर अंतरपाटाचं एक टोकच माझ्या हातात दिलं. हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीण बाईंनी हसत हसत चष्मा काढून डोळे पुसले.

"काका, मी गर्दीत जा म्हणाले होते. अंतरपाट धरा म्हणाले नव्हते!"

अशी अकरा लग्नं झाली. घरी टॉवेलांची चळत लागली. धोंडुबाई असती तर म्हणाली असती, "आवं, आता दुकान टाका."

बारावं लग्न उत्कर्षाचं. विश्रामबागचा हॉल गच्च भरला होता. कन्यादानाला नवरा-बायको दोघं लागतात. बायको नसली तर तिच्या जागी कमरेला सुपारी लावतात. गुरुजींनी ती माझ्या कमरेला खोचली आणि छातीत कळप सुटला.

समोर आकाराम माझ्याकडंच बघत होते.

उत्कर्षा हळूच म्हणाली, "अप्पा, पिशवी?"

"व्हय."

"मग थांबू या की."

गुरुजी पाण्याचा तांब्या घेऊन खोळंबले. लोक कुजबुजायला लागले. इतक्यात मुलाकडच्या पाहुण्यांतून एक मिशीवाले ताडकन उठले.

"आरं, ह्यो तर आमच्या साक्षीच्या लग्नात अंतरपाट धरलेला पावना! आवं, तुमी नक्की कुणाकडचं?"

हॉलातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"कुणाकडचाच न्हाई," मी म्हणालो. "मला गर्दीत छाती धडधडायचा आजार हाय. डॉक्टरीण बाईनं गर्दीत थांबाय सांगितलं, म्हणून तुमच्यात शिकाय आलतो. आकारामदादा, साखरपुड्यातनं त्यापायीच पळालो. सोयरीक लय पसंत हाय."

मिशीवाले म्हणाले, "मग जेवान कसं हुतं ते तरी सांगा!"

"जिलेबी दोनदा घेतली."

हॉलभर हशा उसळला. आकाराम तर पोट धरून हसत होते. गुरुजींनी पाणी सोडलं, मी मुलीचा हात जावयाच्या हातात दिला. छाती कधी शांत झाली ते कळलंच नाही.

पंगतीत आकाराम माझ्याशेजारी येऊन बसले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पावनं, त्या बाईंचा दवाखाना कितव्या मजल्यावर हाय?"

"तिसऱ्या. का?"

"मला लिफ्टमधी तसंच हुतंया. तीन वरसं झाली, जिनंच चढतोय."

"तिथं जिना बी हाय."

"नगं," ते म्हणाले. "लिफ्टनंच जाऊ. तुमी सोबत चला."

मी हो म्हणालो आणि कमरेला हात लावून पाहिला. सुपारी जागेवरच होती.