सुरंगीच्या गाण्यातला एक शब्द

प्रगतीला आपल्या कानांचा भरवसा होता, आणि तो उगाच नव्हता. रांजणगावच्या एका कारखान्यात ती गिअरबॉक्सच्या आवाजाची तपासणी करायची. काचेच्या केबिनमध्ये नग फिरवायचा, कान द्यायचा आणि कुठला दाता खरखरतोय ते सांगायचं. मीटर होताच. पण मीटरनं पास केलेले दोन नग एकदा तिनं बाजूला काढून ठेवले, आणि उघडल्यावर दोन्हींत खोट निघाली. तेव्हापासून लाइनवरचे लोक मीटरआधी तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी कारखान्यातल्या पंधरा-सोळा हौशी लोकांनी ‘सुरंगीचा कौल’ हा वग बसवायला घेतला, तेव्हा सुरंगीचं काम तिच्याकडे आलं. शिरूर-दौंडकडच्या जत्रांतून हा वग चाळीस वर्षं होत आलेला. सुरंगीच्या नवऱ्यावर देवळातला चांदीचा टोप चोरल्याचा आळ येतो. गाव म्हणतं, देवाला कौल लावू. देवाच्या दोन खांद्यांवर दोन फुलं ठेवतात. उजवं पडलं तर माणूस सुटला, डावं पडलं तर गुन्हेगार. डावं पडतं. याच प्रसंगात सुरंगी देवळाच्या पायरीवर उभी राहून जे गाणं म्हणते, त्यासाठी लोक वगाला यायचे.

त्या वगाची तीन रेकॉर्डिंग होती, तिन्ही वेगळ्या संचांची. प्रगतीनं महिनाभर कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तीच ऐकली. पहिली कॅसेट सोजराबाईंच्या संचाची. वडिलांनी, म्हणजे संपतनं, ती तरुणपणी घेतलेली आणि अजून जपलेली. प्रगतीनं ती मोबाईलवर उतरवून घेतली होती. दुसरी कॅसेट बारा-पंधरा वर्षांनंतरची, पार्वतीबाईंची. तिसरं रेकॉर्डिंग अलीकडचं, मोबाईलवर सगळे ऐकतात ते. त्यात पन्नास वाद्यं आहेत.

प्रगती कुणाचीच भक्त नव्हती. हवालदाराचं सोंग दुसऱ्या कॅसेटीतच खरं रंगलंय, हे ती मान्य करायची. नव्या रेकॉर्डिंगमधली मागची कोरस मंडळी सगळ्यांत सुरात होती, हेही. पण पायरीवरच्या गाण्याचं धृपद तिन्ही बायकांनी तीन तऱ्हांनी म्हटलं होतं. पार्वतीबाई म्हणत, ‘उभी तुझ्या पायरीशी, देवा, न्याय मागते.’ नवी गायिका म्हणे, ‘देवा, दान मागते.’ आणि सोजराबाई जवळजवळ बोलल्यासारखं म्हणत, ‘देवा, जाब मागते.’

तालमी शिरूरला एका सभागृहात चालायच्या, पहिली शिफ्ट सुटल्यावर. दिग्दर्शक सत्यजीत मेंटेनन्सला होता, सणसवाडीत खोली घेऊन राहायचा. शांत माणूस, पण वहीत लिहिलेलं सहसा न खोडणारा. वहीत त्यानं ‘दान’ लिहिलं होतं.

“लोकांना नवं रेकॉर्डिंग पाठ आहे,” तो म्हणाला. “आपण वेगळं म्हटलं तर त्यांना वाटेल, पोरगी चुकली.”

“दान कशाला मागंल ती, सर? तिच्या नवऱ्याला बांधून न्यायलेत. ती काय भाकरी मागाय आली व्हय?” प्रगती म्हणाली. “आन् मूळ शब्द जाबच हाय. सगळ्यात जुनी कॅसेट तीच हाय. मागनं आलेल्यांनी शब्द मऊ केला.”

“जुनी कॅसेट म्हणजे मूळ शब्द, असं कशावरून?”

तिचा आवाज खाली आला नाही. “पुरावा आणते,” ती म्हणाली. सगळ्यांच्या देखत म्हणाली.

जुन्या कॅसेटीच्या कव्हरवर बारीक अक्षरांत साथीदारांची नावं होती. ढोलकी, चांगदेव, दौंड. लाइनवर काम करणारा विनोद दौंडचा होता. त्याला तिनं कव्हर दाखवलं, तसा तो हसला. “आमच्याच गल्लीत राहत्यात. रेल्वेतनं रिटायर झालेत. भीमजयंतीला अजून ढोलकी गळ्यात असती त्यांच्या.”

सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच गाडी काढून न्हावऱ्यावरून चौफुल्याला आली आणि वरवंड, पाटस करत अकराच्या आत दौंडला पोचली. चांगदेव आबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली खुंटीला ढोलकी. ती कशासाठी आलीय ते कळल्यावर त्यांनी बायकोला, ताईबाईंना, बाहेर बोलावलं. “आगं, सोजराबाईची कॅसेट घेऊन आलीय ही पोर.”

प्रगतीनं मोबाईलवर गाणं लावलं. आबांची बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली. गाणं संपलं तसा तिनं मोबाईल बंद केला.

“आबा, एकच विचारायचं हाय. मूळ शब्द जाब का न्याय?”

“न्याय,” आबा म्हणाले.

प्रगतीला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नसेल. “पर ह्यात तर त्या जाब म्हणत्यात.”

“म्हणल्यात की. एकदाच म्हणल्यात, आन् नेमकं तेच टेप झालं.” आबा खुर्चीत पुढे सरकले. “पुण्याला रेकॉर्डिंग हुतं. सकाळी आठला बोलावलं आन् चार वाजस्तवर पायऱ्यांवर बसवून ठिवलं. मग सुरू झालं, तर कवा वायर निघायची, कवा मशीन थांबायचं. चारदा गाणं म्हणून झालं. पाचव्यांदा त्यो रेकॉर्डवाला काचंमागनं म्हणतो, बाई, जरा जीव वतून म्हणा. सोजराबाईनं पदर खोचला. धृपदावर आली आन् जाब मागते म्हणून ओळ त्याच्या तोंडावर मारली. ती देवाला म्हणतच नव्हती, पोरी. काचंमागच्या माणसाला म्हणत हुती.”

ताईबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “त्यो घाबरून म्हणला म्हणं, झालं, झालं, घरी जा.”

“वग लिवणारं रखमाजी मास्तर तिथंच हुतं,” आबा म्हणाले. “ते म्हणलं, ऱ्हाऊ द्या, टेप झ्याक झालीय. पर पुढच्याच जत्रंत बाईनं परत न्याय म्हणलं. शेकड्यानं खेळ केलं आमी. स्टेजवर एकदाबी जाब आलं न्हाई.”

 महिनाभर ज्या शब्दावर प्रगती हटून बसली होती, तो एका वैतागलेल्या दुपारचा शब्द निघाला. सगळ्यांच्या देखत आणते म्हटलेला पुरावा तिच्याच विरुद्ध गेला होता. तरी एक गोष्ट तिच्या कानातून जात नव्हती, ती तिनं विचारली.

“आबा, ह्या कॅसेटीत गाण्याच्या आदी घंटा वाजती. बाकीच्या दोन्हीत गाणं झाल्यावर वाजती. असं का?”

आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. “कान हाय तुला. ती घंटा मीच हाणली. ढोलकी थांबवून, डाव्या हातानं. देवाचं फूल पडलं की घंटा, ही आमची खूण. आमच्यात आदी कौल व्हायचा आन् मग गाणं. पार्वतीबाईच्या येळंला त्यांनी गाणं उचलून आदी घेतलं. कौल लागला की लोक चपला हुडकाय लागायचे, गाण्याला थांबंनात. म्हणून.”

“म्हंजी गाण्याची मूळ जागा कौलानंतरची.”

“ते खरं. त्यात बदल न्हाई.”

निघताना तिनं विचारलं, “तुम्हाला कुठला शब्द आवडतो, आबा?”

“मी कौल लावणारा माणूस न्हाई. आमच्या घरातनं ते कवाच गेलं. पर जाब विचारायला आमाला शिकवलंय,” आबा म्हणाले. “तवा मला काय आवडत आसंल, ते तू वळख. पर मास्तरांनी न्याय लिवलंय, ते मी झाकून ठिवणार न्हाई. तूबी ठिवू नको.”

परतताना चौफुल्याला तिनं गाडी थांबवून चहा घेतला. आबा काय म्हणाले ते सत्यजीतला तिच्याशिवाय कोण सांगणार होतं? कोणी नाही. हा विचार आला तसा तिनं तो सोडूनही दिला. खोट असलेला नग पास करायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालमीला सगळे जमल्यावर तीच आधी बोलली. “मी चुकले. मूळ शब्द न्याय हाय. जाब सोजराबाईंनी रागात म्हणलं, एकदाच.” आणि आबांनी सांगितलेलं सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं.

मागं कोणीतरी हसलं. सत्यजीत म्हणाला, “बरं केलंस सांगितलंस. मग विषय मिटला. न्याय घेऊ.”

“अर्धा मिटला, सर. गाण्याची जागा तुम्ही नव्या रेकॉर्डिंगवरनं घेतलीय. मुळात आदी कौल हाय, मग गाणं. एकदा तसं करून बघा.”

“का?”

“फूल पडायच्या आदी ती न्याय मागती, ते बरोबर हाय. पर डावं फूल पडल्यावर? देवानं न्याय दिलाय, आन् तो चुकलाय. आता परत न्याय काय मागायचा? आता फक्त जाब राहतो. मास्तरांनी काय लिवलं ते मला कळलं. तरी त्या जागंला सोजराबाईंच्या तोंडनं जे निघालं, तेच बसतंय. मूळ हाय म्हणून नको. बसतंय म्हणून पायजे.”

सत्यजीतनं वही मिटून मांडीवर ठेवली. “दोन्ही म्हणून दाखव.”

कौलाचा प्रसंग केला. पुजारी झालेल्यानं डावं फूल पाडलं, कोणीतरी स्टीलच्या डब्यावर चमचा मारून घंटा केली. पहिल्यांदा प्रगतीनं न्याय म्हटलं. मन लावून म्हटलं, मुद्दाम कच्चं म्हटलं नाही. गाणं छान झालं. मग परत फूल पाडलं, परत डबा वाजला, आणि ती जाब म्हणाली. पुजाऱ्याचं काम करणारा, वेल्डिंगमधला धिप्पाड गडी, आपोआप एक पाऊल मागं सरला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

ते बघून सत्यजीतनं वही परत उघडली. एक शब्द खोडून दुसरा लिहिला. “ते मागं सरणं ठेवायचं,” तो पुजाऱ्याला म्हणाला. आणि प्रगतीला, “पत्रकात छापायचं मात्र. लेखकाचा शब्द न्याय, आम्ही सोजराबाईंच्या कॅसेटीप्रमाणे जाब घेतलाय. चालेल?”

“छापाच,” प्रगती म्हणाली.

स्पर्धेत संघाचा तिसरा नंबर आला आणि गाण्याचं बक्षीस प्रगतीला मिळालं. पण घरच्या माणसांसमोर खेळ झाला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी, शिरूरला, रविवारी दुपारी. दौंडहून विनोदनं आबांना आणि ताईबाईंना आणलं होतं. डावं फूल पडलं, घंटा झाली. मागच्या दोन रांगा जुन्या सवयीनं उठल्या. गाणं सुरू झालं तशा त्या उभ्याच राहिल्या, आणि संपेपर्यंत कोणी हललं नाही. पुढच्या रांगेत आबांचं एक बोट गुडघ्यावर चाललं होतं.

खेळानंतर प्रगती तोंड धुऊन बाहेर आली, तर फाटकाशी एक म्हातारी तिची वाट बघत उभी. आक्काबाई नाव, न्हावऱ्याची.

“पोरी, काम झ्याक केलंस. पर गाण्यात शब्द चुकला तुझा. पार्वतीबाईची कॅसेट पाठ हाय मला. न्याय हाय तिथं.”

“चुकला न्हाई, मावशी. जाणून घेतलाय.”

“मग म्हण बरं परत.”

प्रगतीनं तिथंच, फाटकाला हात टेकून, ढोलकी नाही की पेटी नाही, धृपद म्हटलं. गाड्या काढणारे दोघंतिघं थांबले. आक्काबाईंनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकलं.

“पार्वतीबाईचं गोड हुतं,” त्या म्हणाल्या.

“गोड हुतंच.”

“तुझं ऐकून बरं न्हाई वाटत.”

“बरं वाटायला न्हाईच ते, मावशी.”

 आक्काबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग विचारलं, “परत कवा हाय खेळ?”

“म्होरल्या रविवारी, तुमच्याच गावात.”

“येते,” आक्काबाई म्हणाल्या. “पर म्होरं बसणार.”