वर कबुतरं, खाली ससाणे

आमच्या घरात खाली ससाणे असत, वर कबुतरं आणि मधल्या मजल्यावर आम्ही माणसं. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली होती, "ताई, तुम्ही मध्ये आहात म्हणून बरं. नाहीतर त्या घरात रोज मुडदे पडले असते."

खालचा दवाखाना सासूबाईंचा. त्या पक्ष्यांच्या डॉक्टर, त्यातही शिकारी पक्ष्यांच्या. पंख मोडलेल्या घारी, तारांत अडकलेली घुबडं, काचेवर आपटून भेलकांडलेले शिक्रे, सगळे त्यांच्याच दारात यायचे. गच्चीवरची कबुतरांची ढाबळ मामंजींची. मामंजींचा फोटो स्टुडिओ होता. तो भाच्याच्या हवाली करून त्यांनी उरलेला सगळा जीव कबुतरांवर लावला होता.

दोघांत एक न बोललेला करार होता. सासूबाई गच्चीवर जात नसत आणि मामंजी दवाखान्यात पाऊल टाकत नसत. मामंजी म्हणत, "तिच्या कपड्यांना ससाण्याचा वास येतो. माझी पाखरं बिथरतात." सासूबाई म्हणत, "यांच्या अंगाला जेवणाचा वास येतो. माझे पेशंट उगाच आशेला लागतात."

आमचे हे तेव्हा जहाजावर नोकरीला होते, महिनोन् महिने बाहेर. त्यामुळे जिन्यावरून वर-खाली करणारी मी एकटीच. सकाळी गच्चीवर मामंजींचा चहा पोचवायचा आणि खाली येऊन सासूबाईंच्या हाताखाली काचपट्ट्या धुवायच्या. त्यांनी मला मायक्रोस्कोपमध्ये बघायलाही शिकवलं होतं. सुरुवातीला मला माझ्याच पापण्या दिसायच्या.

गावाच्या टोकाला धान्याचं एक मोठं कोठार होतं. त्याच्या उंच मनोऱ्यावर बहिरी ससाण्यांची एक जोडी घरटं करायची. सबंध शहरात ती एकच जोडी उरली होती. सासूबाईंचा तिच्यावर जीव; त्यातल्या मादीवर त्यांनी एकदा दवाखान्यात उपचारही केले होते. पण लागोपाठ दोन वर्षं त्यांची पिल्लं उडण्याआधीच मेली होती, आणि का मेली ते कोणालाच कळलं नव्हतं, कारण वेळेवर कोणी मनोऱ्यावर चढलंच नव्हतं.

त्या वर्षी कोठाराचा पहारेकरी एका सकाळी टोपीत पिल्लू घेऊन आला. पांढऱ्या लोकरीचा गोळाच जणू, पण मान टाकलेली.

"डॉक्टरबाई, एक गेलं. हे अजून धुगधुगतंय."

सासूबाईंनी पिल्लाची चोच उघडली. आत घशाशी पिवळा, घट्ट थर साचला होता. श्वासाला जेमतेम फट उरलेली. त्यांनी कापसाच्या बोळ्याने घसा हलकेच पुसला, कोमट पाण्याच्या थेंबात तो काचपट्टीवर टेकवला आणि लगेच मला म्हणाल्या, "बघ."

मी डोळा लावला. थेंबात नासपतीच्या आकाराचे इवलेसे जंतू होते. शेपटीसारखे तंतू झटकत गिरक्या घेत होते. नाचच चालला होता म्हणा ना.

"हा परजीवी कबुतरांच्या घशात राहतो," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या कबुतराला बहुतेक वेळा काही होत नाही. ते खातं, पितं, घुमतं. पण ससाण्याने ते कबुतर मारून पिल्लाला भरवलं, की पिल्लाचा घसा असा बंद होतो. खायला दिलेला घासच मारतो."

पहारेकऱ्याने खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. "घरट्यात हे पडलेलं होतं. तुम्हाला काही उपयोग झाला तर."

कबुतरांच्या पायातली निळी वळी होती ती. शहरात तशी निळी वळी एकाच ढाबळीत वापरली जात. सासूबाई बराच वेळ त्या वळ्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिल्लाला औषध दिलं, उबेच्या पेटीत ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना सांग, ढाबळ रिकामी करावी लागेल."

"रिकामी म्हणजे?"

"म्हणजे काय ते त्यांना कळेल."

मी वर गेले. मामंजी एका कबुतराच्या पंखावरून बोट फिरवत बसले होते. मी कसंबसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"त्या डॉक्टरीणबाईंना सांग, ससाणा माझी पाखरं चोरून नेतो आणि वर माझ्याच पाखरांवर आळ? चोर तो चोर, वर शिरजोर! एकाही पाखराला धक्का लागणार नाही."

खाली निरोप दिला. सासूबाई म्हणाल्या, "सांग त्यांना, या जोडीचं आणखी एक पिल्लू मेलं तर ही जोडी शहर सोडून जाईल. मग परत कोणी येणार नाही." वर गेले. "सांग तिला, गेली तर बरंच होईल." खाली आले. दुपारपर्यंत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. शेवटी मी जिन्याच्या मध्यावर बसकण मारली आणि ओरडले, "आता जे बोलायचं ते मोठ्याने बोला! मला ऐकू येतंय, म्हणजे तुम्हालाही येईल!"

मग वरून मामंजींचा आवाज आला, "आधी घसे तपास म्हणावं. पुराव्याशिवाय फाशी कसली?"

सासूबाईंना ते पटलं. त्यांनी माझ्याबरोबर बोळे आणि काचपट्ट्या वर पाठवल्या. पण बोळा कसा घ्यायचा हे मी सांगू लागले तर मामंजी म्हणाले, "मला शिकवू नकोस. आयुष्य काचांमध्ये गेलंय माझं." त्यांनी एकेका पाखराची चोच उघडून घसा पुसला आणि काचपट्ट्या दोरीवर चिमटे लावून उन्हात वाळत घातल्या, अगदी स्टुडिओत फोटो वाळवायचे तशा. वाळल्यावर प्रत्येकीला मागून नंबर टाकला, कागदात गुंडाळली आणि ऐटीत माझ्या हाती दिली.

मी एकेक काच मायक्रोस्कोपखाली धरली. कुठेही काही हललं नाही. मी धावत वर जाऊन सांगितलं, तेव्हा मामंजींनी गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "डॉक्टरीणबाई! आमची पाखरं निर्दोष सुटली!"

सासूबाई अंगणात आल्या. हातात त्यातलीच एक काच होती.

"अहो, हे जंतू ओले आणि कोमट असेतोवरच जगतात. तुम्ही त्यांना वाळत घातलंत. आता या काचेवर काय दिसणार, तुमचा फोटो?"

गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या होत्या. मामंजी कठड्यावरून दिसेनासे झाले.

"पाखरं खाली आणावी लागतील," सासूबाई वर बघत म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र मऊ झाला होता. "घसा पुसला की लगेच बघावं लागतं. माझ्यासाठी नाही म्हणत मी. त्यांच्यासाठी म्हणते."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला तेव्हा बाहेरच्या बाकावर, पोपट घेऊन आलेल्या एका आजीबाई आणि घारीचं खोकं मांडीवर घेतलेला एक टपालवाला यांच्या मधे, मामंजी बसले होते. स्वच्छ कपडे, नीट भांग आणि पायाशी झाकणाच्या टोपल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सासूबाईंनी दारातून पाहिलं, पुढचा पेशंट घेतला आणि त्यांचा नंबर आल्यावरच त्यांना आत बोलावलं.

या खेपेला बहुतेक प्रत्येक काचेवर तो नाच दिसला. सासूबाईंनी मामंजींना स्वतः बघायला लावलं. त्यांनी डोळा लावला आणि तो काढायलाच तयार होईनात. शेवटी म्हणाले, "केवढुसे आहेत गं. आणि काय लगबग." मग खुर्चीत बसले आणि टोपलीतलं एक अशक्त पिल्लू हातात घेतलं. सवयीने खिशातले दाणे तोंडात टाकून चावले, पिल्लाची चोच ओठांत धरली आणि त्याला भरवलं. ते झाल्यावर दुसरं पिल्लू उचललं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "हे रोज असंच करता?"

"ज्यांना आईबाप नीट भरवत नाहीत त्यांना. का?"

"एकाच तोंडाने? एकामागून एक?"

मामंजींचा हात तसाच हवेत राहिला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पिल्लू त्यांच्या हातात चोच उघडून ओरडत होतं आणि ते नुसते बघत होते.

"माणसाला याने काही होत नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"माणसाचं कोण विचारतंय!" मामंजी म्हणाले. "मी यांना मारलं असतं. तुझ्या त्या मनोऱ्यावरच्या पिल्लांनाही मीच मारलं."

मला वाटलं, आता सासूबाई ढाबळीचा विषय काढतील. पण त्यांनी कपाटातून एक लहान पिचकारी काढली, तिला रबराची मऊ नळी लावली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "दाणे भिजवून, वाटून यातून भरवायचे. प्रत्येक पिल्लाला वेगळी नळी. सगळ्यांना औषध. पाण्याचं भांडं रोज घासून उन्हात कोरडं करायचं. आणि बाहेरच्या कबुतरांना गच्चीवर पाणी बंद."

"बंद?" हे त्यांना सगळ्यात जड गेलं. गच्चीवर त्यांनी सिमेंटचं एक मोठं टाकं बांधलं होतं, दिवसभर कुठकुठची कबुतरं तिथे पाणी प्यायची. पाहुणे म्हणायचे ते त्यांना.

"पाहुणेच आजार देतात आणि घेऊनही जातात. ससाण्यांच्या पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत मी थांबते. तेव्हा एक जरी घसा खराब निघाला, तर ढाबळ रिकामी करायची. मीच करीन, तुम्हाला नाही करायला लावणार."

मामंजींनी मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यांनी घण आणून टाकं फोडलं. आम्ही खाली बसून ते ठोके ऐकत होतो. सासूबाईंचा चहा पुढ्यात तसाच गार झाला.

ते ससाण्याचं पिल्लू वाचलं. हळूहळू पिवळा थर सुटत गेला, ते मांस फाडून गिळायला लागलं आणि मग पेटीत हात घालणाऱ्या प्रत्येकाला फाडायला लागलं. पहारेकऱ्याने त्याला परत मनोऱ्यावर नेऊन ठेवलं. आईबापांनी ते नाकारलं नाही. ते उडालं तेव्हा सासूबाई कोठाराच्या अंगणात टाचा उंचावून उभ्या होत्या, जणू तेवढ्याने त्याला हातभार लागणार होता.

त्यानंतरचं वर्षभर मामंजींनी जे केलं ते मी कुठल्या नर्सलाही करताना पाहिलेलं नाही. नळ्या उकळणं, भांडी घासणं, नव्या पाखराला आधी वेगळ्या खुराड्यात ठेवणं. दर थोड्या दिवसांनी टोपल्या घेऊन बाकावर बसणं. आजीबाई आणि टपालवाला त्यांचे दोस्त झाले. काचेवरचा नाच कमी कमी होत गेला, मधेच एकदा पुन्हा वाढला, तेव्हा मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. सासूबाई आपणहून गच्चीवर गेल्या. काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण येताना त्यांच्या केसांत एक पीस होतं आणि त्यांनी ते काढलं नाही.

पुढची वीण आली. सासूबाईंनी एकेका कबुतराचा घसा पुसून पाहिला. काच, पुन्हा काच, पुन्हा काच. कुठेही काही हललं नाही, आणि या वेळी काचा ओल्या होत्या, कोमट होत्या. मामंजींनी मायक्रोस्कोपला डोळा लावून स्वतः खात्री केली. मग म्हणाले, "रिकामं मैदान. इतकं सुंदर चित्र मी कधी काढलं नव्हतं."

पण खरी परीक्षा मनोऱ्यावर होती, आणि तिचीही वेळ आली. एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर कबुतरं हवेत सैरावैरा झाली होती. वरून मनोऱ्यावरची ती ससाण्याची मादी दगडासारखी आली. फट्‌ असा आवाज झाला आणि पांढरी पिसं तरंगत राहिली. मामंजींचं सगळ्यात लाडकं, पांढरंशुभ्र कबुतर होतं ते. औषधाच्या दिवसांत त्यांनी त्याला रात्रंदिवस जपलं होतं.

मामंजी हाक मारत कठड्यापर्यंत धावले. मग तिथेच उभे राहिले. मी चहा खाली ठेवला. त्यांनी मोठ्या भिंगाचा कॅमेरा डोळ्याला लावला आणि मनोऱ्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

"भरवतेय," ते म्हणाले. "तिघं आहेत. तिघांच्याही चोची उघड्या."

आठवडाभराने पहारेकरी आला. मामंजी दवाखान्याच्या बाकावरच होते, आता टोपली नसली तरी ते तिथे बसायचे. त्यांनी सासूबाईंच्या आधी विचारलं, "घसे कसे आहेत?"

"मी स्वतः चढून बघितले. गुलाबी आहेत, साहेब. बाळाच्या जिभेसारखे."

मामंजींनी डोळे मिटले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या पांढऱ्याचं वाईट वाटलं मला. खरंच."

"वाईट तर वाटणारच," मामंजी म्हणाले. "ती बया मला जन्मात आवडायची नाही. पण पोरांना घरचं स्वच्छ खायला मिळालं, एवढं मात्र तिला कोणीतरी सांगा."

"तुम्हीच सांगा की," सासूबाई म्हणाल्या आणि बाकावर त्यांच्या शेजारी टेकल्या. "ऐकू येतं तिला. कान चांगले आहेत. मी तपासलेत."