कोण किती पाण्यात

रुग्णालयाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नातेवाईक बाकांवर चढून उभे होते. एक पेशंट तर सलाईनची बाटली स्वतःच उंच धरून आला होता. चमत्कार म्हटल्यावर माणसाचं दुखणंही थोडा वेळ थांबून बघतं.

समोर टेबलावर काचेचं मोठं भांडं, त्यात बाजूच्या तांब्यातून ओतलेलं नितळ पाणी, आणि मागे पाणीबाबा. त्यांचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण वॉर्डातल्या पोरींनी ते आल्या आल्याच आटोपशीर करून टाकलं होतं.

"या, पुढे या! कर नाही त्याला डर कशाला?" बाबा गरजले. "इथे वकील नाही, साक्षीदार नाही. कोण किती पाण्यात आहे, ते पाणीच सांगेल! हात निष्पाप, तर पाणी जसंच्या तसं. हात पापी, तर पाणी लालेलाल! मात्र आधी स्पिरिटने हात पुसून घ्या. शुद्धी पाहिजे."

देवाला स्पिरिट लागतं हे लोकांना नवीन होतं, पण विचारतो कोण!

प्रश्न कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांचा होता. मागच्या आठवड्यात ते झोपेत पलंगावरून पडले आणि त्यातच गेले. पलंगाचा कठडा खाली पडलेला सापडला. तो लावायचा कुणी विसरलं? आजोबांची मुलगी रोज येऊन दाराशी बसायची. "मला भरपाई नको, खरं काय ते सांगा," एवढंच म्हणायची. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे रुग्णालयाच्या मालकांनी, चौकशी समिती नेमायचं सोडून बाबांना बोलावलं. समितीला प्रश्न पडतात, बाबांना थेट उत्तरंच येतात.

लॅबताई सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. रक्त-लघवी तपासण्यात तिची बारा-पंधरा वर्षं गेली होती, त्यामुळे रंग बदलणाऱ्या पाण्याचं तिला कौतुक नव्हतं. पण मोठे डॉक्टर तिचा सख्खा थोरला भाऊ. दादाने तिला शिकवलं, नवरा गेल्यावर ही लॅबही दादानेच थाटून दिली. ती मनातल्या मनात हसली आणि गप्प राहिली.

नर्सबाईंनी हात बुडवला. पाणी नितळ. वॉर्डबॉयने बुडवला. नितळ. तेवढ्यात दादा म्हणाले, "लाँड्रीतल्या मावशींना बोलवा. लगेच या म्हणावं, आहे तशा."

मावशी धुण्याच्या हौदावरून तशाच आल्या, ॲप्रनला हात पुसत. बाबांनी त्यांना स्पिरिट काही दिलं नाही. मावशींनी हात पाण्यात घातला, आणि बोटांभोवती गुलाबी रेघा सुटल्या. बघता बघता सगळं पाणी गडद गुलाबी झालं.

"रंगेहाथ सापडली!" कुणीतरी ओरडलं.

लॅबताई भिंतीपासून सरळ झाली. हा रंग तिने हजारदा पाहिला होता. फिनॉल्फ्थॅलिन! पाण्यात चार थेंब टाकले तर दिसतही नाही, पण सोड्याचा हात लागला की गुलाबी. आणि कालच दादा कधी नव्हे ते लॅबमध्ये आले होते. "छोटी, ती जुनी बाटली पडून आहे ना? दे बघू." पुतणीला शाळेच्या प्रयोगासाठी हवी असेल, असं समजून तिने कपाटातून काढून स्वतःच्या हाताने दिली होती.

तिने दादांकडे पाहिलं. दादा तिच्याचकडे बघत होते. त्यांनी मान किंचित हलवली, लहानपणी वडिलांपुढे काही बोलू नकोस असं सुचवायला हलवायचे तशी. आणि छोटी गप्प बसली. फार वेळ नाही, एक आवंढा गिळेपर्यंत. पण तेवढं पुरलं.

कारण तेवढ्यात मावशी आपल्या गुलाबी बोटांकडे बघत पुटपुटल्या, "चादर बदलली तेव्हा मी कठड्याच्या पट्टीला गाठ मारली होती... मारली होती ना?" मग त्यांचा आवाज फुटला. "नसेलच मारली! पाणी कशाला खोटं बोलेल?" आणि पुढेच बसलेल्या त्या मुलीच्या पायांवर कोसळल्या. "माझ्या हातून गेले ग तुझे वडील!"

आता मात्र लॅबताईला राहवलं नाही. गर्दी कापत ती पुढे आली.

"पाणी बोलत नाही, मावशी! औषध बोलतंय." तिने भांडं ओतून टाकलं आणि बाबांच्या तांब्यातलं पाणी नव्याने भरलं. लाँड्रीतून धुण्याचा सोडा मागवला, चिमूटभर आपल्या हाताला चोळला आणि हात बुडवला. पाणी गुलाबी झालं. "झाले मी पापी? बाबा, आता तुमचा हात आणा."

"आमचं मौन सुरू झालं," बाबा म्हणाले.

"इतका वेळ तर घसा बसेपर्यंत बोलत होतात!" लोक हसले. तिने कँटीनमधून लिंबू आणवलं आणि पाण्यात पिळलं. रंग गेला. "बघा, लिंबाने पाप धुतलं! मावशी दिवसभर सोड्यात हात घालतात, म्हणून पाणी रंगलं. बाकीच्यांचे हात स्पिरिटने पुसून घेतले, यांचे नाही. हा चमत्कार नाही, व्यवस्था आहे."

"छोटी!" दादा दबक्या आवाजात म्हणाले, "घरचं घरी बोलू."

"आजोबा घरी नव्हते गेले, दादा." ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्या कठड्याची खिट्टी कधीची तुटलीय. नर्सबाईंनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तूर्त बँडेजची पट्टी बांधा. मी रक्त घ्यायला जायचे तेव्हा मीही ती पट्टी पाहिली होती, आणि मीही गप्प बसले."

तिने मुलीचा आणि मावशींचा हात धरला आणि दोघींना लाँड्रीमागच्या अडगळीच्या खोलीत नेलं. पलंग तिथे आणून टाकला होता. कठड्याला पट्टी लोंबत होती. मधोमध विरून फाटलेली, आणि गाठ? गाठ जशीच्या तशी, घट्ट.

मुलीने गाठीवरून बोट फिरवलं. मग वळून दारात उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. बाबा तोवर मागच्या दाराने पसार झाले होते.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण लॅबताईने मावशींचे हात स्वच्छ धुतले, लिंबू चोळलं आणि ते त्यांना पुन्हा तांब्यातल्याच नव्या पाण्यात बुडवायला लावले. पाणी नितळ राहिलं. मावशींनी डोळे मिटले, हात जोडले. "माफ केलं ग देवाने मला!"

"मावशी, अहो, तुम्ही काही केलंच नाही! गाठ बघितलीत ना?"

"बघितली. तू शिकलेली, तुझं मन मोठं." मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला. "पण आधी लाल झालंच होतं ना पाणी?"

लॅबताईने हातातलं लिंबू खाली ठेवलं. दादा तिच्याशी बोलत नाहीत. मुलीने तक्रार केली आहे, चौकशी होईल, खिट्ट्या बदलतील. मावशींच्या मनात घातलेला रंग मात्र कोणत्याच लिंबाने जात नाही.

म्हणून सांगणं एवढंच. पाण्याला सोडा कळतो, पाप कळत नाही. उद्या कुणी असं भांडं तुमच्यापुढे ठेवलं, तर हात बुडवण्याआधी विचारा, यात काय घातलंय? आणि ते आणवलं कुणी? आणि उत्तर तुम्हाला ठाऊक असेल, तर आवंढा गिळू नका, त्याआधी बोला.

मावशी अजून कामावर येतात. लॅबवरून जाताना रोज दारात थांबतात.

"ताई, गाठ मारली होती ना ग मी?"

"मारली होती, मावशी."

"नक्की?"