यादीतून पुसलेलं नाव

"बस एक दस्तखत, सर." भय्यासाहेबांनी पेढ्यांचा डबा आणि एक कागद पुढे सरकवला. "तपासणीवाले अडून बसलेत. लिफ्टमधला प्रोग्राम कुणी लिहिला, त्यात काही खोट तर नाही, हे लिहून पाहिजे त्यांना."

"तुमच्या कागदांत माझं नाव कुठाय?" शरच्चंद्रांनी हळूच विचारलं.

"छोडो ना सर, जुनी बात."

जुनी म्हणजे तीन वर्षांपूर्वीची. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर शरच्चंद्रांनी लिफ्ट चालवणारा प्रोग्राम लिहून इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला होता. अट एकच, लिहिणाऱ्याचं नाव काढायचं नाही. फ्रीगंज बाजारातल्या भय्यासाहेबांच्या लिफ्ट कंपनीनं तो उचलला आणि नाव पुसलं. शरच्चंद्र विचारायला गेले तेव्हा भय्यासाहेब सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले होते, "भंडाऱ्यात जेवणारा, भाजी कुणी केली हे विचारतो काय, सर?" सगळे हसले. शरच्चंद्रांना आपली चप्पलही लवकर सापडली नव्हती.

आज त्यांचा आवाज कापला नाही. "खोट आहे. वीज जाऊन आली की दार उघडं असतानाही लिफ्ट सुटू शकते. मला ती वर्षापूर्वी सापडली. दुरुस्ती करून, माझं नाव राखणाऱ्या सगळ्यांना कळवलं."

"अन् आम्हाला?"

"तुम्ही माझा प्रोग्राम वापरतच नव्हता ना." हे वाक्य त्यांनी वर्षभर मनात घोटलं होतं. "आता हेच लिहून देतो. तपासणीवाल्यांना मी स्वतः नेऊन देईन."

"चाळीस बिल्डिंगांच्या लिफ्ट बंद पडतील, सर. बरबाद होऊन जाईन मी."

"व्हाल," शरच्चंद्र म्हणाले. त्यांनी सावकाश सगळं लिहिलं आणि खाली वडिलांच्या नावासकट सही केली.

भय्यासाहेब डबा तिथंच टाकून गेले. फार बरं वाटेल असं शरच्चंद्रांना वाटलं होतं. थोडं वाटलंही.

कप उचलायला आलेल्या त्यांच्या पत्नी अहल्याबाई दारातच थांबल्या होत्या. "अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडची लिफ्ट यांचीच ना?"

"हो."

"म्हणून वर्षभर मला चार मजले जिन्यानं नेलंत. गुडघ्यांना चांगलं म्हणालात."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"शेजारची अपर्णा पोरीला कडेवर घेऊन त्याच लिफ्टनं जायची. जिन्यावरून आपण तिला हात करायचो." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आजही गेलीय ती."

शरच्चंद्रांनी फोन उचलला. अपर्णाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो अहल्याबाईंकडेच मागावा लागणार होता, आणि त्या कप उचलून आत निघून गेल्या होत्या.